गावभागातल्या वाड्याचं नेटवर्क : प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

सांगलीत गावभागातल्या मामांच्या घराचं नेटवर्क आणि कॉम्प्युटर नव्याने लावायचं काम आजपासून हातात घेतलं. परवा, १४ तारखेला, विंडोज १० चा आधार संपतोय आणि घरातली दोन्ही मशिन त्यावरच चालतात. त्यानंतर सापडणाऱ्या सुरक्षेतल्या भोकांना मायक्रोसॉफ्टकडून आपोआप ठिगळ मिळणार नाही. घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात, पण त्याने प्रश्न वर्षभर पुढे ढकलला जातो, एवढंच.

मामा म्हणाले, "अगं, चालतंय ते कशाला उघडायचं?" प्रश्न रास्त आहे. त्यांच्या टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांचे हिशेब आहेत आणि त्या विश्वासावरच त्यांचा धंदा उभा आहे. आज काहीही बदलणार नाही, फक्त घरात काय काय आहे ते लिहून काढते, असं सांगितलं तेव्हा चहा आला.

माडीवर मामांच्या कामाचा डेस्कटॉप आहे. आय-थ्री, दहावी पिढी, आठ जीबी रॅम. मामी आणि मामेभाऊ मिळून वापरतात तो लॅपटॉप पाचव्या पिढीचा आय-फाइव्ह, चार जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्डडिस्क. सुरू व्हायलाच चहा होऊन जातो. खाली सोप्यात इंटरनेटवाल्यांनी लावलेला फायबरचा डबा आहे, वाय-फाय त्यातूनच येतं. त्याच्या शेजारी चार कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा. शिवाय प्रिंटर, टीव्ही आणि मोबाइल.

वाय-फायचा पासवर्ड म्हणजे मामांचा मोबाइल नंबर. तोच नंबर त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर आहे आणि ती कार्डं अर्ध्या यार्डात वाटलेली आहेत. फायबरच्या डब्याचा आणि डीव्हीआरचा ॲडमिन पासवर्ड कारखान्यातून आला तोच. डेस्कटॉपवर दुसऱ्याच्या हाती स्क्रीन देणारं एक ॲप पडून होतं. कधीतरी एका दुरुस्तीवाल्याने टाकलेलं, आणि आपोआप सुरू होणारं. न बदलण्याचं वचन असलं तरी तेवढं एक मामांना विचारून लगेच काढलं. बँकेच्या नावाने फोन करून लोकांना गंडवणारे हीच ॲपं टाकायला लावतात.

एक अट मी स्वतःला घातली आहे. आज मी विश्रामबागला राहते, हाकेच्या अंतरावर आहे. उद्या बदली झाली तर हे घर अडता कामा नये. मामा-मामींना कागद वाचून स्वतः सुरू करता येईल, बंद करता येईल, तेवढंच इथे बसवायचं. सुरक्षा एकाच माणसाच्या डोक्यात असली, तर तो माणूस हलला की घर उघडंच.

१३ ऑक्टोबर, सोमवार

रात्री टॅलीचा सगळा डेटा आणि मामांची कागदपत्रं नव्या बाहेरच्या डिस्कवर घेतली. ती झाल्याशिवाय पुढच्या कशालाही हात लावायचा नव्हता.

१९ ऑक्टोबर, रविवार

फायबरचा डबा खालून माडीवर हलवला. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. तिथे ४० फुटांना इशारा देतात आणि ४५ ला धोका मानतात. त्या वेळी या वाड्याच्या सोप्यात माणूस बुडेल एवढं पाणी होतं. त्यानंतर मामांनी तिजोरी वर नेली, हिशेबाच्या वह्या वर नेल्या, पण इंटरनेटचं सामान नंतर आलं आणि जिथून तार आत आली तिथेच बसलं. डीव्हीआरही वर घेतला. चोरीचा पुरावा पाण्यात जाणार असेल तर तो ठेवण्यात अर्थ नाही.

फायबरची तार आपण ओढायची नसते. आत काचेचा धागा असतो, कोपऱ्यावर काटकोनात दुमडली की प्रकाश गळतो, आणि वरून काही दिसत नाही. कंपनीचा माणूस बोलावला. त्याने जिन्याच्या कडेने मोठा बाक देत तार वर नेली आणि जोड मारून दिला.

डबा वर बसल्यावर ब्राउझरमध्ये त्याचं सेटिंगचं पान उघडलं. ॲडमिन पासवर्ड बदलला. डब्लूपीएस बंद केलं. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन देऊन फोन जोडायची ती सोय आहे. आठ आकडी म्हटलं की दहा कोटी शक्यता वाटतात. पण राउटर त्या पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरलेला असतो. म्हणजे पहिल्या चार आकड्यांच्या १०,००० आणि पुढच्या तिनांच्या १,०००, एकूण ११,००० शक्यता. २०११ मध्ये हे उघड झालं, तरी अजून कितीतरी घरांत ती पिन चालूच असते. यूपीएनपी ही यंत्रांना राउटरमधून वाट मागू देणारी सोयही बंद केली, घरातल्या यंत्रांनी आपणहून बाहेरची दारं उघडायचं काही कारण नाही.

बाहेरचा पत्ता पाहिला तर तो १००.७० ने सुरू होणारा निघाला. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा इंटरनेट कंपन्यांनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवण्यासाठी २०१२ मध्ये राखून ठेवला गेला. म्हणजे जुन्या आयपीच्या (आवृत्ती ४) वाटेने बाहेरून कोणी थेट मामांच्या डब्यावर येऊ शकत नाही. हे बरं आहे, पण त्यावर विसंबून राहायचं नाही. कंपनीने उद्या व्यवस्था बदलली तर आपल्याला कोणी कळवणार नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

घरात पाहुणे. आल्या आल्या प्रत्येकाने पासवर्ड विचारला. काम काही केलं नाही, पण कामाच्या मशिनपासून वेगळं पाहुण्यांचं वाय-फाय हवंच, हे मामांना आज न सांगता पटलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज मांडणी ठरली. बराच विचार याच्यावरच गेला.

माझ्या मनात आधी ओपनडब्लूआरटी होतं. २००४ पासून चालत आलेली, लिनक्सवर उभी असलेली राउटरची मुक्त प्रणाली. तीत कॅमेऱ्यांचं वेगळं जाळं, पाहुण्यांचं वेगळं, कामाचं वेगळं, सगळं एकाच डब्यात पाडता येतं. माझ्या घरी मी तेच वापरते आणि मला ते मनापासून आवडतं. पण त्याचं अपडेट लक्ष ठेवून करावं लागतं आणि मोठं अपडेट चुकलं तर राउटर परत उठवायला जाणता माणूस लागतो. माझ्या अटीत ते बसत नाही. म्हणून आपोआप अपडेट होणारा साधा, नव्या बनावटीचा राउटर घेतला आणि वेगळेपणा दोन डब्यांच्या क्रमातून साधला.

फायबरचा डबा हे बाहेरचं अंगण. पाहुण्यांचं वाय-फाय, टीव्ही आणि डीव्हीआर त्यालाच. त्याच्या एका भोकातून तार निघून मामांच्या स्वतःच्या राउटरच्या 'वॅन' भोकात, म्हणजे बाहेरचं इंटरनेट घेणाऱ्या भोकात, जाते. डेस्कटॉप, लॅपटॉप, प्रिंटर, घरच्यांचे फोन या आतल्या राउटरवर. आतून बाहेर बघता येतं, म्हणजे मामा डेस्कटॉपवर बसून कॅमेरे पाहू शकतात. पण अंगणातलं यंत्र आपणहून आत शिरू शकत नाही, कारण आतल्या राउटरला ते अनोळखी इंटरनेटसारखंच दिसतं. एक गोष्ट सांभाळावी लागते. दोन्ही डब्यांचे पत्ते वेगळ्या मालिकेतले हवेत. बाहेर १९२.१६८.१, आत १९२.१६८.५०. एकच मालिका राहिली तर आतल्या राउटरला घर कुठे संपतं आणि अंगण कुठे सुरू होतं तेच कळत नाही आणि इंटरनेट बंद पडतं.

या मांडणीत पत्ता दोनदा, कंपनीचा धरला तर तीनदा बदलतो. टॅली, बँक, व्हिडिओ कॉल यांना त्याचं काही वाटत नाही. मामेभावाच्या एका गेममध्ये मित्रांशी थेट जोडणी होत नाही असं तो म्हणाला. त्याची तक्रार खरी आहे, आणि तिच्यासाठी मांडणी मोडणार नाही हेही त्याला सांगितलं.

आतल्या वाय-फायला डब्लूपीए या कुलपाच्या आवृत्ती २ आणि ३ मिश्र ठेवल्या, कारण मामींचा फोन ३ ओळखत नाही. २ मध्ये जोडणीच्या वेळचे चार संदेश कोणी हवेतून पकडले, तर घरी बसून निवांत पासवर्ड ताडून बघता येतो. ३ मध्ये तशी सोय नाही. तोवर लांब पासवर्ड हाच इलाज. मामींनीच चार असंबद्ध मराठी शब्द सुचवले, रोमन अक्षरांत, मध्ये आडवी रेघ देऊन. ते इथे लिहिणार नाही, पण कोणत्याही मोबाइल नंबरापेक्षा ते कितीतरी भारी आहेत.

डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा, ९.९.९.९ केली. क्वाड-नाइनची ही सेवा २०१७ पासून आहे, फसव्या म्हणून नोंदलेल्या साइटचा पत्ताच ती देत नाही. कालच उभ्या राहिलेल्या फसव्या साइटला ती अडवेलच असं नाही, हे मामांच्या कागदावर लिहिलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

डीव्हीआरवरून घरात चर्चा झाली. मामांना यार्डातून फोनवर घर बघायची सवय आहे. त्यासाठी डीव्हीआर तो बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरशी सतत जोडलेला राहतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या विषाणूने असेच कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर कारखान्याच्या पासवर्डांची छोटी यादी वापरून लाखोंनी ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरमध्ये डाइन या डीएनएस कंपनीवर त्यांचा लोंढा सोडला. अमेरिकेतल्या कितीतरी मोठ्या साइट त्या दिवशी उघडेनात. ज्यांचे कॅमेरे वापरले गेले त्यांना पत्ताही नव्हता.

मामींनीच निकाल लावला. "मी दिवसभर घरात असते की. तुम्हाला यार्डातून काय बघायचंय?" मामा गप्प बसले, मग "बंद कर" म्हणाले. पासवर्ड बदलला आणि फायबरच्या डब्यातल्या यादीत डीव्हीआरचं इंटरनेट अडवलं. रेकॉर्डिंग चालू आहे, माडीवरून दिसतं. गावाला जाताना ते कसं चालू करायचं याच्या तीन ओळी कागदावर आहेत.

२ नोव्हेंबर, रविवार

तारेचा दिवस. वाड्याच्या भिंती दगड-मातीच्या, हात-दीड हात जाड. माडीवर राउटरपाशी फोनवर वाय-फायचा जोर उणे ४५ डीबीएम दिसतो (आकडा शून्याजवळ तितका चांगला), खाली स्वयंपाकघरात पाच गिगाहर्ट्झचं वाय-फाय उणे ८२ वर येऊन तुटतं. २.४ तग धरतं, पण शेजारच्यांच्या गर्दीत. ते वाहिनी ११ वर पक्कं केलं. १, ६ आणि ११ एवढ्याच एकमेकींवर चढत नाहीत आणि ११ वर गर्दी कमी होती. खालच्या मजल्याला मात्र तारच हवी होती. माजघरात एक छोटा ॲक्सेस पॉइंट (तारेवरून वाय-फाय देणारा डबा) बसवायचा आणि त्याला माडीवरून कॅट-६ ही नेटवर्कची तार न्यायची.

दुकानात पहिलं बंडल स्वस्त मिळालं. मी एक हात तार मागितली आणि तिथेच सुरीने आतली एक बारीक तार खरवडली. वरची तांबूस झाक निघाली आणि आत पांढरं चकाकलं. ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. अशी तार लवकर तुटते, जोडात सैल होते आणि लांब अंतरावर जोर धरत नाही. दुकानदाराने न कुरकुरता दुसरं बंडल काढलं, ते खरवडल्यावर आतपर्यंत लालच राहिलं. भाव जास्त होता, दिला.

जिन्याखालच्या भिंतीला आधीचंच एक भोक होतं, जुन्या टेलिफोनच्या तारेचं. तेच थोडं मोठं करून घेतलं, दगडाला नव्याने हात लावला नाही. टोकं मी आणि मामेभावाने बसवली. साल दोन बोटं काढायची, चार जोड्या उलगडायच्या, पण गरजेपुरत्याच. मग डावीकडून क्रम : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी मध्ये निळी घेऊन फाकते, तिथेच नवशिक्याचा हात अडतो. आठही तारा बोटांत चपट्या धरून एका रेषेत कापायच्या, प्लगमध्ये सारायच्या आणि पुढच्या काचेसारख्या टोकाला आठही तांब्याचे ठिपके दिसले की मगच पक्कड दाबायची. मामेभावाचं दुसरं टोक माझ्या टोकापेक्षा नीट बसलं.

डेस्कटॉपची जुनी तार मात्र १०० मेगाबिटवरच अडली होती. टोक उलगडून पाहिलं तर आत चारच तारा जोडलेल्या. १०० ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. टोक कापून नवं बसवलं, लगेच १००० दिसलं. इतकी वर्षं मामा "नेट स्लो आहे" म्हणत होते, त्यातला थोडा भाग या दोन इंचांत होता.

लाइट गेली की सगळं बसतं म्हणून दोन डब्यांसाठी मिनी-यूपीएस घेतला. घेताना अडॅप्टरवरचे आकडे वाचले. फायबरचा डबा १२ व्होल्ट १ अँपिअर, राउटर १२ व्होल्ट १.५. यूपीएसने दोन्ही मिळून २.५ द्यायला हवेत.

९ नोव्हेंबर, रविवार

मामांचा डेस्कटॉप. इथे लिनक्सचा विचार केला नाही. टॅली विंडोजवरच चालते, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर मामांकडे विंडोजचंच आहे, आणि त्यांचे हात त्या पडद्याला सरावलेत. माणसाचं काम आधी ठरतं, प्रणाली नंतर.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना प्रणाली अस्सल आहे का ते तपासणं) आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते. तपासणी ॲपने "हा कॉम्प्युटर चालणार नाही" सांगितलं होतं आणि एका ओळखीच्याने नवा घ्यायचा सल्लाही दिला होता. प्रत्यक्षात टीपीएम प्रोसेसरमध्येच आहे, बायोसमध्ये (मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये) 'पीटीटी' या नावाखाली बंद होतं. डिस्क मात्र जुन्या एमबीआर पद्धतीच्या मांडणीची, नवी पद्धत जीपीटी. विंडोजमधलंच एमबीआर-टू-जीपीटी आधी नुसतं तपासणीच्या रूपात चालवलं. तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते नकार देतं. इथे दोनच होती. बदल झाला, मग बायोसमध्ये यूईएफआय (सुरू व्हायची नवी पद्धत), सिक्युअर बूट, पीटीटी या क्रमाने चालू केलं. अकरा बसलं. टॅली उघडली, सही झाली, प्रिंट निघाली. नव्या मशिनचे पैसे वाचले.

रोजच्या कामासाठी मामांना साधं खातं दिलं, ॲडमिन वेगळं. काही बसवायचं झालं की पासवर्ड मागितला जातो, आणि तेवढ्या वेळात माणूस विचार करतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

लॅपटॉप. पाचवी पिढी, म्हणून विंडोज अकरा नाही. लिनक्स मिंट २२.२ ही मुक्त प्रणाली, हलक्या एक्सएफसीई रूपात. उबुंटू २४.०४ वर आधारलेलं, २०२९ पर्यंत अपडेट. आधी रॅम आठ जीबी आणि एसएसडी घातली, नाहीतर कुठलीही प्रणाली दोषी ठरली असती.

आयएसओ, म्हणजे प्रणाली बसवायची फाइल, उतरवल्यावर तिची एसएचए-२५६ बेरीज (फाइलच्या बोटांच्या ठशासारखी) अधिकृत यादीशी ताडून पाहिली. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच साइटवर घुसून कोणीतरी डाउनलोडचा दुवा बदलला होता आणि मागचं दार ठेवलेली फाइल लोकांनी बसवली होती. ताडून बघायला दोन मिनिटं लागतात.

पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर पाहिलं. सगळं लागलं. बसवताना पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केली, म्हणजे पासवर्डाशिवाय वाचता येणार नाही अशी केली, कारण हा लॅपटॉप मामेभावाबरोबर क्लासला जातो. मामांचा डेस्कटॉप तसा केला नाही. तो माडी सोडत नाही, आणि किल्ली हरवून हिशेब गमावण्याचा धोका तिथे मोठा आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मामी मराठीच्या शिक्षिका होत्या. त्यांच्या जुन्या फाइल, प्रश्नपत्रिका, स्नेहसंमेलनाच्या संहिता, सगळं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात. तो फॉन्ट नसेल तर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. या फाइल डेस्कटॉपवर घेऊन युनिकोडमध्ये बदलल्या. जोडाक्षरं आणि रफार बहुतेक ठिकाणी बरोबर आले, पहिली वेलांटी काही ठिकाणी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली. मामी एकेक पान वाचून ती लावत आहेत. त्यांच्याइतकं नीट कोणी लावणार नाही.

टायपिंगला इनस्क्रिप्ट, भारतीय लिप्यांची कळांची मांडणी. मिंटमध्ये मराठी मांडणी आधीच आहे. मामींना भीती होती ती 'दुसऱ्या' आणि 'तऱ्हा' यांतल्या ऱ्य-ऱ्ह ची. शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ येतो, मग हलंत, मग य. तिसऱ्या ओळीपर्यंत हात बसला. "हे आधी कोणी सांगितलं नाही," म्हणाल्या आणि रात्री साडेनऊपर्यंत उठल्या नाहीत.

३० नोव्हेंबर, रविवार

बॅकअप. दोन बाहेरच्या डिस्का. दर शनिवारी मामा एकीवर टॅली आणि कागदपत्रं घेतात, लगेच काढून कपाटात ठेवतात. सतत जोडलेली डिस्क उपयोगाची नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने एका मशिनवरून दुसऱ्यावर जात हाताला लागेल ते सगळं कुलूपबंद केलं होतं. दुसरी डिस्क माझ्याकडे विश्रामबागला, महिन्याला अदलाबदल. गावभागात पाणी आलं तरी एक प्रत कोरडी राहील.

आज परत आणून पाहिलं. एका व्यापाऱ्याचा डेटा डिस्कवरून वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवला, टॅलीत उघडला आणि मामांनी ट्रायल बॅलन्स छापील कागदाशी ओळीने ओळ लावला. जुळला. तोवर त्यांनी बॅकअपला बॅकअप म्हटलं नव्हतं.

७ डिसेंबर, रविवार

कागद पूर्ण झाला, दोन पानं, मोठ्या अक्षरांत. कुठली तार कुठे, कोणता डबा आधी बंद करायचा, पाहुण्यांचा क्यूआर, डीव्हीआरच्या तीन ओळी, शनिवारचा बॅकअप. पैशाची फसवणूक झाली तर तत्काळ १९३० या सायबर मदत क्रमांकाला फोन, ही ओळ सगळ्यात वर. पासवर्ड वेगळ्या वहीत, ती वही तिजोरीत. चोराने तिजोरी फोडली तर वहीपेक्षा मोठं नुकसान झालेलं असेल.

मी काहीही न बोलता बसले आणि मामांनी कागद वाचून दोन्ही डबे बंद करून क्रमाने चालू केले. तीन नंबरची ओळ त्यांना कळली नाही, 'वॅन' म्हणजे कुठलं भोक ते. त्या भोकाभोवती मामींच्या नेलपॉलिशने लाल ठिपका दिला आणि ओळ बदलली : "तार लाल ठिपक्यात."

बाकी राहिलेलं : मामींच्या फोनला अपडेट येणं बंद झालंय, नवा घेतल्यावर आतलं वाय-फाय निव्वळ डब्लूपीए-३ वर न्यायचं, पण प्रिंटर ते ओळखतो का ते आधी बघायचं. मे अखेरीस, पावसाआधी, यूपीएसची बॅटरी आणि दोन्ही डिस्का तपासायच्या.